वजीफ्यापासून निवृत्तिवेतनापर्यंत : धाराशिव जिल्ह्यातील सरकारी नोकरांची उत्तरायुष्याची तरतूद

आपल्या ज्ञातीतील वृद्ध मंडळींच्या बोलण्यात काही वर्षांपूर्वीपर्यंत 'वजीफायाब' हा शब्द सहज येत असे. "अमुक अमुक गृहस्थ आता वजीफायाब झाले" असे कोणी म्हणाले, की ते गृहस्थ सरकारी नोकरीतून निवृत्त झाले, त्यांना दरमहा काही रक्कम सुरू झाली आणि ओट्यावर बसून नातवंडे खेळविण्याचा त्यांचा अधिकार सिद्ध झाला, इतका सर्व अर्थ त्या एका शब्दात येई. आजच्या तरुण वाचकांस हा शब्द परका वाटेल. पण ज्या धाराशिव जिल्ह्यात आपली घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदली, तो जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि तेथील दप्तराची भाषा उर्दू होती. त्या दप्तरात निवृत्तिवेतनास 'वजीफा-ए-हुस्न-ए-खिदमत' असे भारदस्त नाव होते. त्याचा सरळ अर्थ, चांगल्या चाकरीबद्दल दिलेला वजीफा.

या नावातच त्या काळची दृष्टी दिसून येते. वजीफा हा शब्द विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीसही लावीत, एखाद्या मौलवीच्या किंवा देवस्थानच्या पुजाऱ्याच्या नेमणुकीसही लावीत. देणारा प्रसन्न होऊन देतो आणि घेणारा उपकृत होऊन घेतो, असा त्यात भाव आहे. नोकराने तीस वर्षे खर्ची घातली म्हणून ही त्याची कमाई होय, असे कोणी मानीत नसे. या कल्पनेत बदल कसा झाला, आणि तो होत असता आपल्या जिल्ह्यातील घरांना काय मिळाले व काय गमवावे लागले, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करण्याचा हेतू आहे. संपादक मंडळाने विषय सुचविला तो 'सरकारी नोकरांनी उत्तरायुष्याची तरतूद कशी करावी' असा होता. तथापि मागचा इतिहास कळल्याशिवाय पुढची तरतूद कळत नाही, असे या लेखकाचे मत असल्याने विषयास थोडे ऐतिहासिक वळण दिले आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

पूर्वीच्या काळी म्हातारपणाची सोय कोणाची होती, असे विचारले तर उत्तर सरळ आहे: ज्याच्याजवळ वतन होते त्याची. पाटील, पटवारी, देशमुख, देशपांडे यांची वतने वंशपरंपरेने चालत. बाप थकला की मुलगा गादीवर बसे, आणि बापाची भाकर त्याच वतनातून निघे. देवस्थानांना इनाम जमिनी होत्या, सरदारांना मन्सब होती. गावगाड्यात बलुतेदारांचाही खळ्यावर वाटा असे. आपला मूळ धंदा मागाचा. विणकरास वतन नव्हते, इनाम नव्हते, आणि बारा बलुत्यांतही त्याची गणना नव्हती. लुगडे विणावे, बाजारास न्यावे, मिळेल त्या भावाने विकावे आणि पुन्हा सूत आणावे, एवढाच त्याचा संसार. डोळे अधू झाले आणि धोटा फेकण्याची शक्ती गेली की त्याच्या मिळकतीचा शेवट झाला. मुलगा पोशील तर पोशील. ज्या घरी मुलगा नाही, त्या घरची गोष्ट न बोललेली बरी.

म्हणून आपल्या ज्ञातीत सरकारी नोकरीचे जे अप्रूप निर्माण झाले, त्याचे कारण केवळ पगार हे नव्हते. मागावरचा हुशार कारागीर चांगल्या वर्षी कारकुनाइतके मिळवू शकत असे. नोकरीत होते आणि मागात नव्हते ते हे, की हात थांबल्यावरही पैसा येतो.

या जिल्ह्यात पगारी सरकारी नोकर ही जात निर्माण झाली ती पहिल्या सालारजंगांच्या कारभारात. ते १८५३ साली हैदराबादचे दिवाण झाले. त्याच वर्षीच्या तहाने वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर आपला नळदुर्ग-धाराशिवचा मुलूखही इंग्रजांच्या ताब्यात गेला होता, आणि १८६० साली तो निजामाकडे परत आला. त्यापूर्वी वसुलीचा मक्ता घेणारे तालुकदार आपल्या मर्जीप्रमाणे माणसे ठेवीत आणि मर्जीप्रमाणे काढीत. सालारजंगांनी मक्त्याची पद्धत मोडली, १८६५ च्या सुमारास जिलाबंदी केली, प्रत्येक जिल्ह्यावर पगारी अव्वल तालुकदार नेमला व त्याच्या हाताखाली तहसीलदार आणि कारकुनांची साखळी उभी केली. देशमुख-देशपांड्यांच्या हातून वसुली गेली, तेव्हा त्यांना भरपाई म्हणून रोख 'रुसूम' बांधून देण्यात आला. म्हणजे हैदराबाद संस्थानात काम न करता मिळणाऱ्या ठरावीक रकमेचा मोठा लाभ प्रथम झाला तो वतनदारांना, आणि तो पुढे वंशपरंपरेने चालला. पगारी नोकराचा वजीफा मात्र त्याच्या एका जन्मापुरता होता.

'एका जन्मापुरता' या शब्दांवर वाचकांनी क्षणभर थांबावे. मराठी माणसास याचे सर्वांत ठळक उदाहरण ठाऊक आहे. दुसऱ्या बाजीरावास १८१८ साली राज्य सोडल्यावर ब्रह्मावर्तास वर्षाला ८ लाख रुपयांची नेमणूक मिळाली. १८५१ साली बाजीराव वारले आणि ती नेमणूक बंद पडली. दत्तक पुत्र नानासाहेबांनी अर्ज केले, अझीमुल्लाखानास थेट विलायतेस धाडले, पण उपयोग झाला नाही. पुढचा इतिहास सर्वविदित आहे. पेशव्याच्या मुलाची जी गत झाली, ती तहसिलीतील कारकुनाच्या विधवेची शंभर वर्षे होत आली, फरक इतकाच की तिच्या हाती विलायतेस पाठविण्यास कोणी अझीमुल्लाखान नव्हता.

ब्रिटिश मुलखात तर १८७१ च्या पेन्शन कायद्याने ही गोष्ट स्पष्टच करून टाकली होती. सरकारने दिलेल्या पेन्शनीसंबंधी दिवाणी कोर्टात दावा लावण्यास त्या कायद्याने बंदी केली. ज्याविषयी कोर्टात जाता येत नाही त्यास हक्क कसे म्हणावे? मात्र त्याच कायद्यात एक चांगली तरतूदही होती आणि ती आजही लोकांना ठाऊक असत नाही. सरकारी पेन्शनवर सावकाराच्या कर्जापायी जप्ती आणता येत नाही.

आता आमच्या घरची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही, कारण या विषयाचे मर्म मला त्या गोष्टीतूनच कळले.

माझे आजोबा आपल्या ज्ञातीतून तालुक्याच्या कचेरीत लागलेले आमच्या गावचे पहिले गृहस्थ. घरी दोन माग होते. थोरल्या भावाने माग सांभाळला आणि धाकट्याने, म्हणजे आजोबांनी, मशिदीजवळच्या मौलवीसाहेबांकडे उर्दू गिरविली. १३३५ फसलीत, म्हणजे १९२५-२६ साली, ते कचेरीत अहलकार झाले. त्यांचा पहिला पगार ३५ रुपये हाली. हाली सिक्का म्हणजे निजामाचा रुपया. इंग्रजी रुपयास कलदार म्हणत, आणि ७ हाली म्हणजे ६ कलदार असा भाव असे. तेव्हा आजोबांचे ३५ रुपये हे सोलापूरच्या बाजारात ३० रुपये होत. सुताची खरेदी सोलापुरास आणि पगार हालीत, त्यामुळे आमच्या पणजीस हा हिशेब तोंडपाठ होता असे सांगतात.

थोरल्या आजोबांनी माग काही वर्षे ओढला आणि मग दुष्काळास कंटाळून ते सोलापुरास गेले. तेथे १८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणी नावारूपास आली होती, आणि तिच्या पाठोपाठ आणखी गिरण्या निघाल्या होत्या. आपल्या ज्ञातीची कितीतरी कुटुंबे अशीच सरहद्द ओलांडून सोलापुरास गेली. धाराशिवाहून सोलापूर काही फार दूर नाही, पण मधे संस्थानची हद्द होती, नाणे वेगळे होते, कायदा वेगळा होता. दोन भावांचे म्हातारपणही वेगळे झाले. थोरल्यांचे गिरणीतील आयुष्य कष्टात गेले. भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ साली आला तेव्हा त्यांच्या नोकरीची थोडीच वर्षे उरली होती, म्हणून हाती आली ती रक्कम एका लग्नात संपली. खासगी कामगारांस खऱ्या अर्थाने मासिक निवृत्तिवेतन मिळू लागले ते १६ नोव्हेंबर १९९५ पासून सुरू झालेल्या योजनेने, आणि त्यातही किमान रक्कम महिना १,००० रुपये ठरली ती २०१४ साली. सोलापुरातील आपल्या कित्येक वृद्ध बांधवांना हाच आधार मिळतो. हजार रुपयांत काय भागते हे त्यांनाच विचारावे.

आजोबांचे बरे चालले होते असे वाटत होते. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली. १३ तारखेस, पहिल्याच दिवशी, हिंदी सैन्य सोलापूरकडून नळदुर्गात शिरले आणि १७ तारखेस निजामाने शरणागती दिली. रझाकारांच्या जाचातून लोक सुटले, गावोगाव आनंद झाला. मात्र कचेरीतील अहलकारांच्या मनात आनंदाबरोबर एक धास्तीही होती, ती अशी, की आपली आजवरची नोकरी नव्या राज्यात धरली जाईल किंवा नाही. जिल्ह्याचा काही भाग निजामाच्या खासगीत, म्हणजे सर्फ-ए-खासमध्ये होता. तेथील नोकर सरकारचे नव्हते, ते निजामाच्या जामदारखान्याचे. १९४९ साली सर्फ-ए-खास दिवाणीत विलीन झाले, त्याच वर्षी १५ ऑगस्टच्या कायद्याने जहागिरी संपल्या, आणि त्यांचे नोकरही सरकारकडे आले. पुढे इनामे आणि रुसूम, मन्सब यांसारख्या रोख देणग्या बंद करणारा हैदराबादचा कायदा १९५४ चा. अशा रीतीने पाच-सहा वर्षांत शतकानुशतकांची वतनदारी व्यवस्था नाहीशी झाली. ज्यांची सर्व भिस्त रुसुमावर होती त्या घरांतील मुले तेव्हापासून नोकरीच्या मागे लागली, आणि विणकराचा मुलगा व देशपांड्यांचा मुलगा एकाच बाकावर मुलाखतीसाठी बसू लागले. या बाकाचे मोल आपल्या ज्ञातीने कमी लेखू नये.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तुकडे झाले आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले. उस्मानाबाद जिल्ह्यात त्या वेळी लातूर व औसा हे तालुके होतेच, त्यात बीदरकडील उदगीर, अहमदपूर आणि निलंगा यांची भर पडली. (लातूर जिल्हा वेगळा निघाला तो १९८२ साली.) राज्य पुनर्रचनेच्या कायद्यात ११५ वे कलम आहे. कर्मचाऱ्याच्या सेवाशर्ती त्याचे नुकसान होईल अशा रीतीने केंद्र सरकारच्या पूर्वसंमतीवाचून बदलता येणार नाहीत, असे अभय त्यात दिले होते. कागदावर हे अभय उत्तम होते. पण कायदा शर्तींचे रक्षण करतो, नोंदींचे रक्षण करीत नाही. नोंदी उर्दूत होत्या, पगार हालीत होते, आणि जन्मतारखा फसली सनात होत्या. नवे साहेब मराठी व इंग्रजी जाणणारे होते. हाली सिक्का १९५९ पर्यंत बाजारात रेंगाळला, त्याचे रूपांतर सोपे होते, सातास सहा. फसली सनाचे तसे नव्हते.

हैदराबादचे सरकारी फसली वर्ष आझूर महिन्यापासून, म्हणजे साधारण ६ ऑक्टोबरपासून सुरू होई. म्हणून फसली सनाचा इसवी सन काढताना आझूरपासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेस ५९० मिळवावे लागत, आणि जानेवारीपासून पुढच्या तारखेस ५९१. आजोबांचा जन्म १३१५ फसलीतील तीर महिन्यातला. तीर म्हणजे मे महिना. तेव्हा १३१५ मध्ये ५९१ मिळवून १९०६ चा मे हा त्यांचा खरा जन्मकाळ. सेवापुस्तकाचे भाषांतर करणाऱ्या कोणा कारकुनाने सरसकट ५९० मिळविले आणि आजोबा एका लेखणीच्या फटकाऱ्यासरशी एक वर्षाने वडील झाले. त्या वेळी निवृत्तीचे वय ५५ होते. १९६१ च्या मे महिन्यात निवृत्त व्हावयाचे ते १९६० सालीच घरी बसले.

त्यांनी अर्ज केला. अर्जाचे उत्तर आले, की जन्मतारखेची दुरुस्ती सेवेच्या अखेरीस करता येत नाही. वर्षभराचा पगार गेला. पेन्शन मंजूर होऊन हाती पडण्यासही बरेच महिने लागले, कारण हैदराबादकडील जुन्या सेवेचा दाखला कोणत्या कचेरीने द्यावा यावर पत्रव्यवहार चालला होता. आजोबा स्वभावाने सोशिक. "चूक करणारा माझ्यासारखाच अहलकार असेल, त्याची काय तक्रार करावयाची?" असे ते म्हणत. मला मात्र त्यांचे हे म्हणणे कधी पटले नाही. ते स्वतः जन्मभर दुसऱ्यांच्या तारखा लिहीत होते आणि आपले सेवापुस्तक उघडून पाहावे असे त्यांच्या मनात एकदाही आले नाही. जुन्या नोकरांच्या मनात सेवापुस्तक हे सरकारचे, आपले नव्हे, अशी समजूत असे. ही समजूत वजीफ्याच्या कल्पनेचीच धाकटी बहीण होय.

आजोबा १९६२ साली वारले. त्यांचे निवृत्तिवेतन ज्या महिन्यात ते वारले त्या महिन्यात संपले. आजीस काहीही मिळाले नाही. हे कोणाच्या दुष्टपणामुळे झाले असे नव्हे, नियमच तसा होता. मृत नोकराच्या विधवेस नियमाने दरमहा रक्कम देणारी कुटुंब निवृत्तिवेतनाची योजना केंद्र सरकारने १ जानेवारी १९६४ पासून सुरू केली आणि राज्यांनी तिचे अनुकरण केले. आजी दोन वर्षांनी चुकली. ती १९७९ पर्यंत जगली. त्या सतरा वर्षांत माझ्या वडिलांनी तिला कमी केले नाही, पण ती प्रत्येक रुपया मागताना पदर डोक्यावरून पुढे ओढीत असे, हे मी लहानपणी पाहिले आहे.

वाचकांस आश्चर्य वाटेल, पण निजामाच्या राज्यात १९०७ सालीच सरकारी नोकरांच्या कुटुंबांसाठी एक निधी निघाला होता. तोच पुढे संस्थानच्या आयुर्विम्याच्या रूपाने वाढला आणि त्याचा वारसा आजही तेलंगण व आंध्र प्रदेशात सरकारी विमा खाते म्हणून चालू आहे. तरतूद करण्याची बुद्धी होती, पण ती नोकराच्याच पैशांतून कापून घेण्याची होती. विधवेची जबाबदारी सरकारने आपल्या शिरावर घेण्यास अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला. १९६४ पूर्वी मृत झालेल्या केंद्र सरकारी नोकरांच्या विधवांनाही ही योजना लागू झाली पाहिजे, अशी मागणी पूनमल नावाच्या एका विधवेने इतरांसह सर्वोच्च न्यायालयात नेली, आणि १९८५ साली न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. आमची आजी तेव्हा नव्हती.

वजीफ्याचा हक्क झाला तो न्यायालयात, आणि तो दिवस निवृत्तांच्या घरी अजूनही साजरा होतो. १९७१ साली बिहारमधील देवकीनंदन प्रसाद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तिवेतन ही सरकारची मेहेरबानी नसून नोकराची मालमत्ता होय असे ठरविले होते. १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकारा खटल्याचा निकाल लागला. संरक्षण खात्यातून १९७२ साली निवृत्त झालेल्या नाकारा यांची तक्रार अशी होती, की १९७९ साली पेन्शनचे सूत्र उदार करण्यात आले, पण त्याचा लाभ ३१ मार्च १९७९ नंतर निवृत्त होणाऱ्यांनाच दिला. पाच न्यायाधीशांच्या पीठाचे अध्यक्ष होते सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड, आणि निकाल लिहिला न्यायमूर्ती देसाई यांनी. निवृत्त झालेले सारे एकाच वर्गाचे आहेत, मनास येईल ती तारीख घालून त्यांचे दोन भाग पाडता येत नाहीत, असा त्याचा आशय. पुढील काळात या तत्त्वाला न्यायालयांनीच पुष्कळ मर्यादा घातल्या हेही खरे. पण १७ डिसेंबर हा निवृत्तिवेतनधारकांचा दिवस म्हणून रूढ झाला तो याच निकालामुळे.

त्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९८२ पासून, महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम अमलात आले. त्या नियमांखाली निवृत्त झालेल्या पिढीतला मी एक. किमान १० वर्षे सेवा झाली तर निवृत्तिवेतन, आणि पूर्ण सेवेस वेतनाच्या निम्मे. पूर्ण म्हणजे आधी ३३ वर्षे, पुढे २०. महागाई वाढेल तसा महागाई भत्ता वाढे. माझे प्रकरण नागपूरच्या महालेखापालांच्या कार्यालयात गेले आणि निवृत्तीनंतर लवकरच पहिले वेतन बँकेत जमा झाले, कारण आजोबांची गोष्ट ठाऊक असल्याने मी नोकरी लागल्यापासून दरवर्षी सेवापुस्तक मागून पाहत असे. वरिष्ठ हसत. हसू देत.

एका गोष्टीविषयी मात्र माझ्या पिढीने चुका केल्या, त्या स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. निवृत्तिवेतनाचा चाळीस टक्क्यांपर्यंतचा भाग विकून त्याची ठोक रक्कम घेता येते, यास अंशराशीकरण म्हणतात. विकलेला भाग पंधरा वर्षांनी पूर्ववत होतो. आपल्या ज्ञातीत ही ठोक रक्कम आणि सेवा उपदान म्हणजे जणू देवाने दिलेला गुप्तधनाचा हंडा, असे समजून मुलीच्या लग्नात, मुलाच्या दुकानात किंवा नव्या घराच्या स्लॅबमध्ये ती घालण्याची चाल पडली. दुकान चालले तर ठीक. नाही चालले तर पंधरा वर्षे कमी पेन्शनीवर काढण्याची पाळी, आणि तीही औषधपाण्याचा खर्च वाढण्याच्या वयात. ज्या लोकांनी वतनाचा एक बिघाही विकला नसता, ते आपले आयुष्यभराचे वतन एका सहीने विकतात, हे पाहून आश्चर्य वाटते. माझ्या मते ज्यास डोक्यावर जड व्याजाचे कर्ज नाही, त्याने ही विक्री करण्यापूर्वी सहा महिने विचार करावा. आमच्या मंडळींशी या मुद्द्यावर माझे मतभेद झाले आहेत, तरी मत बदललेले नाही.

यानंतरचा भाग माझ्या सूनबाईंचा. त्या २००९ साली शिक्षिका झाल्या. तत्पूर्वी, १ नोव्हेंबर २००५ पासून, महाराष्ट्र शासनाने नव्या नोकरांस जुने निवृत्तिवेतन बंद करून परिभाषित अंशदान योजना लागू केली होती. केंद्राने तशीच योजना १ जानेवारी २००४ पासून आणली होती. आता नोकराने वेतन व महागाई भत्त्याच्या १० टक्के भरावयाचे, सरकारने तितकेच घालावयाचे (सरकारचा वाटा १ एप्रिल २०१९ पासून १४ टक्के झाला), आणि जो निधी जमेल त्यावर म्हातारपण काढावयाचे. निवृत्तीच्या वेळी निधीचा साठ टक्क्यांपर्यंतचा भाग हाती येई, उरलेल्या चाळीस टक्क्यांतून विमा कंपनीकडून वार्षिकी घ्यावी लागे. समजा, ५० लाख रुपये जमले. त्यांतील २० लाखांवर सहा टक्के दर धरला, तर वर्षास १ लाख २० हजार, म्हणजे महिना १० हजार रुपये. ते वीस वर्षांनीही दहा हजारच. महागाईची झळ ज्याची त्याने सोसावयाची.

यात सरकारची बाजू मुळीच नव्हती असे मी म्हणणार नाही. पूर्वी माणसे निवृत्तीनंतर दहा-पंधरा वर्षे जगत, आता पंचवीस-तीस वर्षे जगतात. तिजोरीवरचा भार खरा होता. पण ज्या रीतीने हा बदल झाला, तीत दोन गोष्टी मला खटकल्या. पहिली ही, की एका तारखेने सहकाऱ्यांचे दोन वर्ग पडले: एकाच शाळेत, एकाच फळ्यापुढे उभे राहणाऱ्या दोघा शिक्षकांपैकी एकाचे उत्तरायुष्य ठरलेले आणि दुसऱ्याचे बाजारावर सोपविलेले. दुसरी अधिक गंभीर. १९६४ साली विधवेस जे मिळाले होते ते नव्या योजनेत आरंभी नाहीसेच झाले. तरुण नोकर अकाली गेला तर त्याच्या घरास कुटुंब निवृत्तिवेतन नाही, जमलेला थोडासा निधी तेवढा मिळावयाचा. आमच्या आजीची अवस्था चाळीस वर्षांनी पुन्हा परत आली, असे मला वाटले आणि त्या दिवशी मी फार अस्वस्थ झालो. सूनबाईंच्या वेतनातून कपात होत होती, तथापि तिच्या हिशेबाची चिठ्ठी कित्येक वर्षे त्यांच्या हाती पडली नाही. मी मागे लागून ती मागविली, तेव्हा तीत काही महिन्यांच्या नोंदीच नव्हत्या. फसली सन गेला, उर्दू गेली, संगणक आला, पण गहाळ नोंद ही जुनी सोबतीण काही गेली नाही.

१४ ते २० मार्च २०२३ या काळात जुन्या पेन्शनीसाठी राज्यभर कर्मचाऱ्यांनी संप केला. सूनबाईही त्यात होत्या, आणि माझ्यासारखे निवृत्त लोक सभेच्या मंडपात मागच्या खुर्च्यांवर बसत असू. संपानंतर लगेच, ३१ मार्च २०२३ च्या निर्णयाने, सेवेत असता मृत्यू पावलेल्या नव्या योजनेतील कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांस कुटुंब निवृत्तिवेतन व उपदान लागू झाले. माझ्या दृष्टीने त्या संपाचे हे सर्वांत मोठे फळ होय, जरी वर्तमानपत्रांत त्याची चर्चा थोडीच झाली. पुढे २०२४ साली दोन गोष्टी झाल्या. ज्यांच्या पदांची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी निघाली होती पण नेमणूक नंतर झाली, त्यांस जुन्या योजनेचा विकल्प मिळाला. इतरांसाठी सुधारित योजना आली, तीत पुरेशी सेवा झालेल्यास अखेरच्या वेतनाच्या पन्नास टक्के निवृत्तिवेतन व त्यावर महागाई वाढ, आणि त्याच्या मागे कुटुंबास त्याच्या साठ टक्के, अशी हमी आहे. केंद्राची एकीकृत योजना ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर होऊन १ एप्रिल २०२५ पासून सुरू झाली, तीही याच धर्तीची. विकल्पाचा कागद भरताना घाई करू नये. आपली सेवा किती वर्षांची होणार, घरात आपल्यावर अवलंबून कोण, आणि जमलेल्या निधीपैकी काय सोडावे लागते, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी कागदावर मांडावीत आणि ती मांडताना पत्नीस, किंवा पतीस, शेजारी बसवावे. आमच्या घरी तसे बसून दोन रात्री हिशेब केला.

आजोबांचे उर्दू सेवापुस्तक आमच्याकडे नाही, ते सरकारकडे गेले. मात्र त्यांच्या पेन्शनच्या हुकुमाची प्रत आणि जन्मतारखेविषयीच्या अर्जाची उत्तरे एका पत्र्याच्या पेटीत आहेत. ज्ञातीतील ज्या घरी हैदराबाद काळातील असे कागद असतील, हाली सिक्क्याच्या पगारपावत्या, वजीफ्याचे हुकूम, सर्फ-ए-खासकडील नेमणुकीची पत्रे, त्यांनी त्यांच्या नकला संपादक मंडळाकडे पाठवाव्यात. उर्दू वाचणारी दोन वृद्ध माणसे अद्याप आपल्यांत आहेत, आणि त्यांनी भाषांतराचे काम अंगावर घेण्याचे कबूल केले आहे. फसली तारखा पाठविताना महिन्याचे नाव जरूर लिहावे.